चिवडा, पत्त्यांचा बंगला आणि हिमस्खलन

आपल्या कॉलेजात 'आयव्ही' म्हटलं की 'मनाली' हे समीकरण इंटिग्रेशनच्या फॉर्म्युल्यापेक्षा पक्कं पाठ असतं. कागदावर एखाद्या कारखान्याची भेट, आणि उरलेले दिवस सोलांगला! भाड्याचा लाल-निळा कोट, दोन नंबर मोठे गमबूट, टायरच्या ट्यूबवर बसून मारलेली एक घसरगुंडी, आणि परत आल्यावर कॉमन रूममध्ये जाहीर घोषणा, "आम्ही स्कीइंग केलं!" मंडळी, ते स्कीइंग नव्हे. पायाला पट्ट्या बांधून पंधरा फूट गेलात आणि भैयाने कॉलर धरून थांबवलं, याला फार तर 'बर्फाशी तोंडओळख' म्हणता येईल.

पण यंदा प्रकरण जरा पुढे गेलंय. आपल्या ट्रेकिंग ग्रुपमधले काहीजण डिसेंबरच्या सुट्टीत केदारकंठ्याला निघालेत, आणि दोघांनी तर गुलमर्गच्या स्की कोर्सची चौकशीही केली आहे. मी दोन वर्षांपूर्वी असाच एक चौदा दिवसांचा बेसिक कोर्स केला. तेव्हापासून मेसमध्ये ताट घेऊन शेजारी बसणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो : "मजा येते का रे?" आणि "भीती नाही वाटत?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच आकड्यात आहे, पण त्या आकड्याकडे येण्याआधी मजेविषयी थोडं सांगितलं पाहिजे. नाहीतर लोक एवढ्या थंडीत मरायला का जातात, ते कळणारच नाही.

गुलमर्गचं गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून केबल कारचा पहिला टप्पा (१९९८ साली सुरू झालेला) कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा टप्पा (२००५) अफरवाट शिखराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. म्हणजे वरून खाली यायला १,३०० मीटरची उंची हातात. आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. एवढ्या उंचीची सगळी स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत गेली, तर खाली पोचताना वेग येईल ताशी ५७० किलोमीटरच्या पुढे! अर्थात तसं होत नाही. हवा आहे, घर्षण आहे, आणि आपण वळणं घेतो. म्हणून मला नेहमी वाटतं, स्कीइंग म्हणजे ऊर्जा वाया घालवण्याची कला आहे. पूर्ण अभ्यासक्रमात 'एफिशियन्सी वाढवा, एफिशियन्सी वाढवा' असं घोकल्यावर एक खेळ असा सापडतो, की ज्यात जो जास्त सुबकपणे ऊर्जा उधळतो तो मोठा! (न उधळणारेही आहेत. फ्रान्समधल्या वार्स इथं सिमाँ बिली या पठ्ठ्याने २०२३ मध्ये ताशी २५५.५ किलोमीटर वेग गाठला. इंजिन नाही, नुसता उतार.)

वळण घेण्यातली गंमत मेकॅनिकलवाल्यांना विशेष आवडेल. स्की सरळ पट्टीसारखी दिसली तरी कमरेत बारीक असते. तिला कडेवर कलवून दाबलं की ती धनुष्यासारखी वाकते आणि आपोआप वर्तुळाचा तुकडा कापत जाते. कडेच्या मूळ वक्रतेची त्रिज्या १५ मीटर असेल आणि तुम्ही ती ६० अंशांनी कलवली, तर वळणाची त्रिज्या कोसाइनच्या हिशेबाने अर्धी, साडेसात मीटर होते. त्या कोनात तोल सांभाळायला वेग लागतो ताशी ४० किलोमीटर, आणि त्या क्षणी पायांवर येणारा भार असतो शरीराच्या वजनाच्या दुप्पट. (उताराचा हिशेब मी सोडून दिलाय, सरांनी क्षमा करावी.) आपण जवळजवळ आडवे झालेलो आहोत, बर्फ गालाजवळून सरकतोय, आणि तरीही पडत नाही... हे एकदा जमलं की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न उठवता उठतो. मी उठलो. साडेआठच्या लेक्चरला ज्याने कधी पहिली हजेरी ऐकली नाही, तो मी!

ही सगळी मजा आखलेल्या, दाबून सपाट केलेल्या उतारावरची. पण थोडं जमायला लागलं की नजर आपोआप बाजूला जाते. तिथं कुणाचाही माग नसलेला, गुडघाभर ताजा भुसभुशीत बर्फ पडलेला असतो. त्यात स्की चालवणं म्हणजे घसरणं नव्हे, तरंगणं. जगभरातून लोक गुलमर्गला येतात ते या बर्फासाठी. आणि धोक्याची खरी गोष्ट इथून सुरू होते.

आता तो आकडा. अडतीस.

अनुभवी लोकांना ताज्या बर्फात खरी मजा येते ती साधारण ३० ते ४० अंशांच्या उतारावर. त्याहून कमी असेल तर गुडघाभर बर्फात स्की रुतते, वेगच येत नाही. आणि हिमस्खलनं सर्वांत जास्त कुठल्या उतारावर होतात? ३० ते ४५ अंशांच्या, त्यातही ३८ अंशांच्या आसपास! कारण साधं आहे. ३० च्या खाली बर्फाचा थर सहसा जागचा सुटत नाही, आणि पन्नासच्या वर बर्फ साचतच नाही, पडता पडताच थोडा थोडा घसरून जातो. मधल्या पट्ट्यात तो साचतोही आणि सुटतोही. थोडक्यात, जो उतार आपल्याला हवा असतो तोच बर्फालाही हवा असतो. निसर्गाने इतकी वाईट जुळणी दुसरीकडे केलेली मला तरी माहीत नाही.

बरं, ३८ अंश म्हणजे काही भयंकर कडा वाटत नाही. हॉस्टेलचा जिना साधारण ३० अंशांचा असतो. त्याहून थोडा उभा, बस्स. आपण सह्याद्रीत हिंडणारी माणसं. नळीच्या वाटेने चढलेल्याला असला उतार बघून घाम फुटत नाही, आणि घोळ होतो तो तिथंच. आपला कातळ काल जसा होता तसा आज आहे. पावसात निसरडा होईल, घसाऱ्यावर पाय सरकेल, पण डोळ्यांना दिसतं ते असतं. बर्फ मात्र तासातासाला बदलणारा पदार्थ आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं असतं ते वरून दिसतच नाही.

का दिसत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. हिवाळाभर बर्फ थराथराने पडतो, एखाद्या वहीच्या पानांसारखा. प्रत्येक थराची घनता वेगळी, दाणा वेगळा. जमिनीलगतचं तापमान शून्याच्या जवळ असतं, आणि वर हवेच्या बाजूला उणे पंधरा. बर्फ एक मीटर जाड असेल तर मीटरमागे १५ अंशांचा फरक झाला. हा फरक मीटरला १० अंशांच्या वर गेला की खालच्या उबदार भागातली वाफ वर सरकते आणि दाण्यांवर नव्याने गोठते. चांगले एकमेकांना चिकटलेले दाणे मोडून त्यांचे मोठे, टोकदार, सुटे स्फटिक होतात. हातात घेतला तर साखर! मुठीत कितीही दाबा, गोळा होत नाही. आता इथं एक उलटी गोष्ट लक्षात घ्या. बर्फ जितका पातळ, तितका हा उतरता क्रम तीव्र. म्हणजे डिसेंबरमधल्या कमी बर्फाला 'अजून काही विशेष पडला नाही, काळजी नको' असं म्हणणं चूक आहे. पुढच्या महिन्यांतल्या संकटाचा पाया तेव्हाच घातला जात असतो.

मग जानेवारीत मोठा हिमवर्षाव होतो. त्यावर वारा सुटतो, एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो आणि थापून थापून त्याची एक सलग लादी बनवतो. आता चित्र असं : वर घट्ट लादी, खाली साखर. आपल्या भाषेत सांगायचं तर पत्त्यांच्या बंगल्यावर ड्रॉइंग बोर्ड ठेवलाय, आणि तोही तिरका. बोर्ड छान दिसतो. त्यावर शीटसुद्धा लावता येईल. आणि मग त्यावर कुणीतरी येऊन उभा राहतो.

एका जागी साखरेचा थर दबला की त्याच्या शेजारचा दबतो, मग त्याच्या शेजारचा. ही भेग बर्फाखालून सेकंदाला वीस-पन्नास मीटर वेगाने पळते. सपाट जागी हे झालं तर पायाखालून 'धुप्प' असा दबका आवाज येतो आणि सगळं मैदान इंचभर खाली बसल्यासारखं वाटतं. (हा आवाज मी एकदा ऐकलाय. आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी काही न बोलता हात वर केला आणि पंधराच्या पंधरा जण आल्या वाटेने परत निघालो. तोपर्यंत सर सारखे विनोद सांगत होते.) उतारावर हेच झालं तर लादी सुटते. हिशेब करून बघा : ५० मीटर रुंद, ८० मीटर लांब आणि फक्त अर्धा मीटर जाड लादी म्हणजे २,००० घनमीटर. घनमीटरला २०० किलो धरले तर ४०० टन. दहा टनी ट्रक चाळीस! आणि हे हिमस्खलनांच्या जगात 'मध्यम' प्रकरण आहे. पाच-सहा सेकंदांत त्याचा वेग ताशी शंभराच्या घरात जातो.

सिनेमात कोणीतरी दरीत ओरडतो आणि हिमस्खलन होतं, ते विसरा. आवाजाच्या लाटेचा दाब त्या कामी फारच तोकडा असतो. लादी फोडायला वजन लागतं, आणि ते वजन बहुतेक वेळा आपलंच असतं. खेळायला गेलेल्यांचे जे मृत्यू हिमस्खलनात होतात, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ घटनांमध्ये लादी सुटते ती त्या माणसामुळे किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कुणामुळे. मला हे वाक्य पहिल्यांदा ऐकल्यावर उलट बरं वाटलं होतं. वीज अंगावर पडणं आपल्या हातात नाही. हे बऱ्याच अंशी आहे.

पण 'हातात आहे' म्हणजे 'सोपं आहे' असं नव्हे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग भागात हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या जवानांवर हिमस्खलन कोसळलं आणि १७ जवान गेले. बर्फात लढायचं कसं हे जिथं शिकवतात, त्या शाळेतले जवान! फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गलाच एक रशियन स्कीअर असेच गेले. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनीअरिंगची तुकडी 'द्रौपदी का डांडा - २' या ५,६७० मीटरच्या शिखराजवळ असताना हिमस्खलनात सापडली. २९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं सोळा दिवसांत सर केली होती. अनुभव कमी पडला, असं त्यांच्याबाबत कोण म्हणेल?

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्यासारख्याच मुलांची आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९५९ सालच्या जानेवारीत सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातून दहा जण उत्तर उरल पर्वतात स्कीवरून लांबच्या ट्रेकला निघाले. बहुतेक सगळे उरल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी किंवा नुकतेच पास आउट झालेले. म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजचाच ग्रुप! म्होरक्या इगोर द्यातलोव्ह तेवीस वर्षांचा, रेडिओ इंजिनिअरिंगचा. एक जण आजारी पडून मध्येच परतला. उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीला एका उघड्या उतारावर, बर्फात खाच खणून तंबू ठोकला. त्या रात्री काहीतरी झालं. त्यांनी तंबू आतून फाडला, आणि पायात बूट न घालता, कडाक्याच्या थंडीत दीड किलोमीटर खाली जंगलापर्यंत चालत गेले. नऊपैकी एकही वाचला नाही. बहुतेक थंडीने गेले, पण काहींच्या फासळ्या आणि कवट्या मोडलेल्या होत्या. सरकारी चौकशीने तेव्हा एवढंच म्हटलं की एका प्रबळ नैसर्गिक शक्तीपुढे त्यांचं काही चाललं नाही. मग काय, साठ वर्षं तर्कांना ऊत! परग्रहवासी झाले, गुप्त शस्त्रं झाली, हिममानव झाला.

हिमस्खलनाचा तर्क लोक उडवून लावायचे, कारण उतार पुरेसा उभा नव्हता, स्खलनाच्या खुणा नव्हत्या, आणि तंबू ठोकल्यावर कित्येक तासांनी बर्फ का सुटावा? २०२१ मध्ये योहान गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन या स्वित्झर्लंडमधल्या दोन प्राध्यापकांनी याचा रीतसर हिशेब मांडला. खडबडीत जमिनीमुळे उतार दिसतो त्यापेक्षा स्थानिक पातळीवर जास्त होता, २८ अंशांच्या आसपास. मुलांनी खाच खणताना लादीचा खालचा आधार कापला. रात्री वाऱ्याने वरून बर्फ आणून आणून त्या लादीवर भार टाकला. हळूहळू साचणाऱ्या या भाराने लादी सुटायला साडेसात ते साडेतेरा तास लागू शकतात, असं गणित आलं. आणि एवढ्याशा लादीने फासळ्या मोडतील का, हे तपासायला त्यांनी वापरलं बर्फाचं जे संगणकीय तंत्र, ते डिस्नेच्या २०१३ च्या 'फ्रोझन' या कार्टून सिनेमासाठी तयार झालेलं! (यापुढे सिम्युलेशनच्या लॅबला कंटाळा आला की हे आठवा.) त्या दोघांचं म्हणणं एवढंच, की छोटं हिमस्खलन शक्य होतं. तंबूबाहेर पडल्यावर काय काय झालं, त्याबद्दल ते दावा करत नाहीत. मला हा लेख वाचताना सारखं एकच दिसत होतं : सपाट जागा मिळावी म्हणून फावड्याने उतार खणणारी, थकलेली, आपल्या वयाची मुलं. आपण राजगडावर तंबूसाठी जागा करताना जे करतो तेच.

समजा कोणी गाडलं गेलंच. तर काय?

तर घड्याळ. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के वाचतात. अर्ध्या तासाला हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. उरलेले बहुतेक थंडीने नव्हे, गुदमरून जातात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो, बोटही हलत नाही, आणि आपल्याच श्वासाची वाफ तोंडासमोर गोठत जाते. म्हणजे हेलिकॉप्टर, पोलिस, लष्कर यांची वाट बघण्यात अर्थ नसतो. वाचवणारा असतो तो शेजारी उभा असलेला मित्र, आणि तोही सामान जवळ असलेला.

या सामानात तीन वस्तू येतात. पहिली ट्रान्सीव्हर, म्हणजे छातीवर बांधायचा छोटा रेडिओ. तो सगळ्या जगात ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तरंगलांबी काढावी : साडेसहाशे मीटरच्या वर! म्हणजे चाळीस-पन्नास मीटरवरचा शोध हा पूर्णपणे 'निअर फील्ड'मधला खेळ. तिथं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, आणि यंत्रावरचा बाण तुम्हाला सरळ रेषेत नेत नाही. चुंबकीय बलरेषेच्या वळणावरून गोल फिरवत नेतो. नवखा माणूस 'यंत्र बिघडलं' म्हणून नाक वळवतो आणि मौल्यवान मिनिटं घालवतो. दुसरी वस्तू, घडीची दोन-तीन मीटर लांब सळई, बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते चाचपायला. तिसरी, फावडं. सगळ्यांना वाटतं शोधणं अवघड. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ खातं ते खणणं. मीटरभर खाली गेलेल्या माणसापर्यंत पोचायला एक टनाच्या आसपास बर्फ उपसावा लागतो. आम्ही सरावात एक पोतं पुरून काढलं होतं. पाच जण आळीपाळीने खणत असूनही हातांची साल निघाली.

चौथी वस्तू महाग आहे पण तिचं तत्त्व झकास आहे. पाठपिशवीत हवेची पिशवी असते; हँडल ओढलं की फुगून दीडशे लिटरची होते. आता म्हणाल, बर्फाच्या लोंढ्यात फुग्याने काय होणार? घरून आलेला चिवड्याचा डबा आठवा. एसटीत तो चार तास हादरत येतो. उघडल्यावर वर काय असतं? शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. आणि तळाला? मीठ, साखर, चुरा. हलत्या दाण्यांच्या ढिगात मोठा तुकडा वर येतो, बारीक खाली झिरपतो. हिमस्खलनही वाहत्या दाण्यांचाच ढीग. पिशवी फुगली की माणूस 'मोठा दाणा' होतो आणि वर राहण्याची शक्यता वाढते. २०१४ च्या एका अभ्यासात, गंभीररीत्या सापडलेल्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण फुगलेल्या पिशवीमुळे २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. निम्मं झालं, शून्य नाही. लोंढा खडकावर किंवा झाडांवर नेऊन आपटत असेल, तर शेंगदाणा वर असून उपयोग नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका सामानात नाहीच, ग्रुपमध्ये आहे. १९ फेब्रुवारी २०१२, अमेरिकेतलं स्टीव्हन्स पास. ताजा बर्फ, आणि टनेल क्रीक नावाचा आखलेल्या हद्दीबाहेरचा उतार. निघालेले सोळाजण म्हणजे त्या क्षेत्रातले दिग्गज : व्यावसायिक स्कीअर, स्पर्धांचे परीक्षक, पत्रकार, तो डोंगर घरच्यासारखा माहीत असलेले स्थानिक. त्या दिवसाचा धोक्याचा इशारा सगळ्यांना ठाऊक होता. नंतर कित्येकांनी सांगितलं की मनात शंका होती, ग्रुप फार मोठा वाटत होता. पण एवढी जाणती मंडळी बरोबर असताना आपण कोण बोलणार? लादी सुटली, तिघे गेले. एलिस सॉगस्टॅड हवेच्या पिशवीमुळे वाचली.

आता हे आपल्याकडे लावून बघा. पंधराजणांचा ग्रुप, परतीचं तिकीट कन्फर्म, पुढच्या सोमवारी सबमिशन, वर्गणी भरलेली, समिटचा फोटो सगळ्यांना हवाय, आणि पुढे कुणाच्या तरी पावलांच्या खुणा दिसतायत. 'ते गेले म्हणजे ठीकच असेल!' इयान मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने शेकडो अपघात चाळून नेमके हेच सापळे नोंदवले आहेत : जागा ओळखीची असणं, ठरवलेलं पार पाडण्याचा हट्ट, लीडरवर डोळे झाकून विश्वास, दुसऱ्यांचे माग. दुसऱ्यांच्या मागाने काहीच सिद्ध होत नाही. पत्त्यांचा बंगला पहिल्या टिचकीला पडतो असं थोडंच आहे? आमच्या कोर्समध्ये एक नियम होता, तो मला फार आवडला. ग्रुपमधल्या सर्वांत नवख्या माणसाने 'मला नको वाटतंय' म्हटलं तरी सगळे परत फिरणार. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही, संध्याकाळी चहावर टोमणा मारायचा नाही. शेवटची अट सगळ्यात अवघड गेली.

हे फक्त स्कीवाल्यांचं दुखणं नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू ला कडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक गेले. ना स्की, ना चढाई. रस्त्याकडेला उतरून बर्फात खेळायला गेलेली माणसं. परवाने अलीकडच्या टप्प्यापर्यंतचेच होते, पर्यटक मात्र पुढे गेले होते. आयव्हीवाल्यांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवा : आपण सपाटीवर उभे आहोत याला महत्त्व नाही, डोक्यावर काय आहे याला आहे.

बाकीचे धोके भराभर सांगतो, कारण ते समजायला सोपे आहेत. स्कीच्या बुटाची पकड ठरावीक पिळाला आपोआप सुटते. तिचा स्प्रिंग तुमचं वजन, उंची, बुटाची लांबी आणि कसब बघून लावायचा असतो. भाड्याच्या स्कीवर तो आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापाने लावलेला असतो, म्हणून दुकानदाराकडून समोर उभं राहून बदलून घ्या. या पकडीने नडगीची मोडतोड खूप कमी केली, गुडघ्याचे स्नायुबंध मात्र अजून तिला वाचवता आलेले नाहीत. हेल्मेट घालाच. मायकल शूमाकर डिसेंबर २०१३ मध्ये मेरिबेलला दोन आखलेल्या उतारांच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात पडला; हेल्मेट असूनही डोक्याला जबर मार बसला. मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात शिकाऊ उतारावर, हेल्मेटशिवाय, साधीशी पडली. उठली, हसली, बोलली, मदत नको म्हणाली, आणि दोन दिवसांत गेली. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. डोक्यावर पडलेला मित्र 'काही नाही झालं यार' म्हणाला, तरी त्याला एकटं खोलीत झोपायला पाठवू नका. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. केबल कार तिथं काही मिनिटांत नेते, शरीराला मात्र दिवस लागतात. आणि गॉगल ही फॅशन नाही : ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, हनुवटीच्या खालूनसुद्धा कातडी सोलून निघते. घरी गेल्यावर आईने ओळखलं नाही, एवढंच सांगतो.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी. स्कीइंगचे कोर्स गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंगमध्ये आणि मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेत होतात. साधारण जानेवारी ते मार्च. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स मनाली, उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगला करता येतो. तो जवळजवळ महिन्याभराचा, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीतच बसतो. जागा लवकर भरतात, आणि डॉक्टरांच्या सहीचा मेडिकल फॉर्म लागतो. आजपासून पळायला लागा. मेसच्या जेवणावर आणि लिफ्टवर वाढलेलं शरीर तिथं पहिल्याच दिवशी बोलायला लागतं. जाताना ड्रॉइंगच्या पेटीतला तीस-साठचा सेट स्क्वेअर बरोबर न्या. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला की उतार मोजायचं यंत्र तयार. मी नेला होता. आमचे सर तो हातात घेऊन बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, उद्यापासून सगळ्यांच्या आधी तू उतार मोजायचा. उरलेले अकरा दिवस ते काम माझ्याकडे होतं.